सात आठे कशाचे?

दाताच्या डॉक्टरांकडे जो फॉर्म भरावा लागतो, त्यात वयाच्या खाली आणि रक्तगटाच्या वर एक रकाना आहे: शाळेचे नाव. माझ्या मुलीचा, मनूचा, दात हलतोय, त्याचा शाळेशी काय संबंध, हे विचारायचा मोह मी आवरला. मागच्या खेपेला तिथे आडवी रेघ मारली होती, तर फॉर्म 'अपूर्ण आहे' म्हणून माझ्या हातात परत आला होता. म्हणून परवा मी सरळ लिहून टाकलं: घर.

काउंटरवरच्या ताईंनी ते वाचलं आणि चष्मा वर सरकवून पुन्हा वाचलं.

"नाव छान आहे हो. नवीन निघाली का?"

"सहा वर्षं झाली."

"मग माझ्या कशी कानावर नाही आली? प्रवेश मिळायला अवघड आहे का?"

"नऊ महिने लागले," मी खरं तेच सांगितलं.

"बघा! नऊ-नऊ महिने थांबवतात," असं म्हणून त्यांनी फॉर्मवर शिक्का मारला, तेवढ्यात फोन वाजला, आणि खुलासा करायची वेळ निघून गेली. निघून गेली म्हणजे मी जाऊ दिली. रोज दोनदा खुलासा करणाऱ्या माणसाला कधीतरी एक खुलासा वाचवावासा वाटतो.

पण बाकावर एक आजोबा बसले होते. मांडीवर फाइल, फाइलवर पेन, आणि पेन टोपण काढून तयार. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी शेजारी बसल्याबरोबर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हणजे शाळेत घातलेलं नाही."

"नाही. घरीच शिकवतो."

"मी अडतीस वर्षं ऑडिट केलंय," ते म्हणाले. यात धमकी नव्हती, पण माझ्या पोटात खड्डा पडला. "तुम्ही काय करता?"

"मुद्रितं तपासतो. घरूनच."

"आणि हिची आई?"

"ऑफिसात."

"अच्छा." हा अच्छा त्यांनी तीन हप्त्यांत म्हटला. मग आवाज खाली आणून, "तब्येतीचं काही?"

"कुणाच्या?"

"तुमच्या."

इथे थोडं थांबतो, कारण आमच्या घरी नेमकं काय चालतं ते सांगितल्याशिवाय आजोबांचा संशय अगदीच अन्यायाचा वाटेल, आणि तो तसा नव्हता. आमच्याकडे सकाळी गणित असतं, म्हणजे वाळलेले मोजे. मनू ते जमिनीवर पसरते, जोड्या लावते, दोन-दोनने मोजते. चादरीची घडी घालताना अर्धा, पाव आणि अर्धपाव. जिन्याच्या पायऱ्यांवर बेरीज, उतरताना वजाबाकी. बर्फ वितळला की विज्ञान. सावली कुठून कुठे गेली ते खडूने आखलं की भूगोल. संध्याकाळी बायको आली की मी अहवाल देतो, "आज भूमिती झाली." ती घरभर पसरलेल्या चादरी बघते आणि म्हणते, "दिसतंय."

वाचायला गोड वाटतं. वाचणाऱ्याला मोज्यांच्या जोड्या लावायला किती वेळ लागतो हे मात्र विचारू नये. मी एकटा लावतो तेव्हा चार मिनिटं. शिक्षण होतं तेव्हा पाऊण तास, कारण मध्येच एका मोज्याचा हात होतो, हाताची बाहुली होते, बाहुलीला ताप येतो, आणि तापाचा आकडा किती हे ठरेपर्यंत गणित पुन्हा सुरू होत नाही.

'रोजच्या कामांतूनच शिकवावं' हे सांगणाऱ्या थोर माणसांवर माझी श्रद्धा आहे, पण हल्ली मी त्यांची चरित्रं जरा वाकड्या नजरेने वाचतो. मारिया मॉन्टेसरींनी 1907 साली रोममधल्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह काढलं. तिथली मुलं बटणं लावायला शिकली, केर काढायला शिकली, एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतायला शिकली. सगळं मान्य. ते ओतलेलं पाणी कोण पुसत होतं, एवढंच मला जाणून घ्यायचंय. जॉन होल्ट हे मुळात वर्गशिक्षक. त्यांनी शाळांवरचा विश्वास उडाल्यावर 1977 साली घरी शिकवणाऱ्यांसाठी नियतकालिक सुरू केलं, आणि मुलं आपली आपण शिकतात, तुम्ही मध्ये मध्ये करू नका, असं आयुष्यभर सांगितलं. होल्ट यांना स्वतःचं मूल नव्हतं. मी यावर काही बोलत नाही.

माझ्या उशाशी येऊन बसणारा माणूस वेगळाच आहे: जेम्स मिल. हे गृहस्थ हिंदुस्थानात एकदाही न येता हिंदुस्थानचा इतिहास लिहीत होते, आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला त्यांचा मुलगा जॉन, म्हणजे पुढचा तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल, बसून ग्रीक शिकत होता. ग्रीक तिसऱ्या वर्षी सुरू. ग्रीक-इंग्रजी कोश तेव्हा नव्हता, म्हणून पोरगं अडलेला प्रत्येक शब्द बापाला विचारायचं. बाप अत्यंत उतावीळ स्वभावाचा, तरी त्याने हे सगळं सोसलं, असं मुलानेच पुढे लिहून ठेवलंय. टेबल तेच, कागद तेच, समोरून दर मिनिटाला एक प्रश्न: मला हे चित्र आरशासारखं दिसतं. फरक इतकाच की मिलसाहेबांचा ग्रंथ पुरा झाला, आणि माझ्या हातून गेल्या महिन्यात 'शिक्षण'चं 'भिक्षण' छापून गेलं. शीर्षकात. रात्री अकराला मुद्रितं वाचली की असंच होतं. आणि तो मुलगा विसाव्या वर्षी, 1826 साली, मनाने पार कोलमडला होता, हेही मी रात्री अकरालाच आठवतो.

असो. आजोबांनी माझ्या तब्येतीचा विषय सोडला आणि मनूकडे वळले.

"काय गं बाळ, सात आठे किती?"

मनूने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "कशाचे?"

"कशाचे म्हणजे? सात आठे."

"हो, पण कशाचे? मोजे की चमचे?"

"कशाचेच नाहीत. नुसते सात."

"नुसते सात कसे असतील?" मनूला खरोखरच कोडं पडलं होतं. "सात काहीतरी असतात."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या पोस्टरमधल्या हसऱ्या दाढेकडे पाहिलं. या मुलीला कधीतरी नुसत्या आकड्यांशी ओळख करून द्यायला हवी, हे मला ठाऊक होतं. ते मी पुढच्या महिन्यावर ढकललं होतं. गेले आठ महिने ढकलतोय.

"बरं," आजोबा म्हणाले. माणूस तडजोडीला तयार होता, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो. "मोजे धर. सात मोजे."

"सात मोजे म्हणजे एक हरवलाय."

"हरवलेला नाही. सातच आहेत."

"सात नसतात ना. आधी तो शोधायचा."

"समज, शोधला."

"मग आठ झाले," मनू म्हणाली, आणि हात झटकून मोकळी झाली.

आजोबांनी पेनाला टोपण लावलं. पुन्हा काढलं. अडतीस वर्षांत त्यांनी नाना प्रकारचे हिशेबनीस पाहिले असणार. प्रश्नातली रक्कमच चुकीची आहे असं सांगणारा हा पहिलाच असावा. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पाढे घेतच नाही का तुम्ही?" मी म्हणालो, "समजुतीवर भर आहे." हे वाक्य मी पूर्वी कुठेतरी वाचलं होतं, तेव्हा ते फार भारदस्त वाटलं होतं.

मग मी घोडचूक केली. मला पोर हुशार आहे हे दाखवायची हुक्की आली. कोपऱ्यात पाण्याचं यंत्र होतं, कागदी पेले होते. मी दोन सारखे पेले सारखे भरले, त्यातला एक माझ्या अरुंद बाटलीत ओतला आणि विचारलं, "मनू, जास्त पाणी कशात?" स्वित्झर्लंडच्या ज्याँ पियाजे यांचा हा प्रसिद्ध प्रयोग. या माणसाने आपल्या तीन पोरांच्या बारीकसारीक हालचाली वह्यांमध्ये टिपून त्यावर शास्त्र उभं केलं. साधारण सात वर्षांपर्यंतची मुलं पाण्याची उंची बघून फसतात, असं ते शास्त्र सांगतं. मनू सहाची. पण घरी दोनदा बरोबर सांगितलं होतं तिने.

"बाटलीत," मनू ठामपणे म्हणाली.

"चूक," आजोबा म्हणाले.

"या वयात चुकणंच बरोबर असतं," मी म्हणालो. आजोबांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला मी समाधान म्हणेन. असल्या खुलाशांवर त्यांनी अडतीस वर्षं लाल शेरे मारले होते.

"बरं, दात किती असतात, हे तरी माहीत आहे?" त्यांनी विचारलं. माझा जीव भांड्यात पडला. दात आमचा पक्का होता. हलणारा दात म्हणजे आमच्याकडे आठवडाभराचा अभ्यासक्रम.

"माझे वीस," मनू घडाघडा म्हणाली. "हा पडला की एकोणीस. मोठ्यांचे बत्तीस. बारा जास्तीचे मागून येतात, त्या दाढा. त्यांच्या जागी आधी दुधाचं कुणी नसतं. तुमचे किती?"

"बत्तीस."

"मोजले?"

हा शब्द आजोबांच्या वर्मी लागला. 'मोजले? प्रत्यक्ष मोजले? की मागच्या वर्षीचा आकडा उतरवून काढला?' हेच विचारत त्यांनी आयुष्य काढलं असणार. ते क्षणभर गप्प बसले. मग फाइल बाजूला ठेवली, चष्मा काढून खिशात घातला, आणि दवाखान्यातल्या समस्त मंडळींसमोर आ वासला.

मला पळून जावंसं वाटलं. पण मनू म्हणाली, "बाबा, उजेड," आणि मी फोनची विजेरी लावून उभा राहिलो. माझ्या आयुष्याची जी काही चित्रं मी रंगवली होती, त्यात परक्या माणसाच्या तोंडात उजेड धरून उभा असलेला मी कुठेच नव्हतो. मनू हात पाठीमागे बांधून, हनुवटी वर करून, नुसत्या नजरेने मोजत होती. वरचे बारा झाले. खाली सातव्यापाशी ती अडली.

"हा चांदीचा आहे. धरायचा का?"

"आ... अआ..." आजोबा म्हणाले. उघड्या तोंडाने निर्णय देता येईना, म्हणून त्यांनी तोंड मिटलं, विचार केला, आणि म्हणाले, "मूळ माझंच आहे. वरचं टोपण नंतर बसवलंय. ही दुरुस्ती झाली, नवीन खरेदी नव्हे. धरायचा." आणि पुन्हा आ वासला.

एकूण तेवीस भरले.

मनूने बोटांवर तेवीसच्या पुढे बत्तीसपर्यंत मोजलं आणि नऊ बोटं आजोबांच्या नाकासमोर धरली. "नऊ कुठे गेले?"

मग जे सुरू झालं ते मला जन्मभर आठवेल. आजोबा डोळे मिटून हिशेब लावायला लागले. अक्कलदाढा चार, त्यातल्या दोन आल्याच नाहीत, दोन आल्या त्या काढल्या. चार झाले. डावीकडच्या तीन कीड लागून गेल्या, एकामागून एक. सात. पुढचा एक जिन्यावरून पडले तेव्हा. आठ. नववा? नववा काही सापडेना. त्यांनी जीभ फिरवून पाहिली. बोट घालून पाहिलं. समोरच्या बाकावरच्या बाई हातातलं मासिक विसरून त्यांच्याकडे बघत होत्या. आजोबा हळूहळू अस्वस्थ व्हायला लागले. दात गेल्याचं दुःख त्यांना नव्हतं, नोंद नसल्याचं होतं.

"एक हरवलाय," मनू समजुतीने म्हणाली. "आधी तो शोधायचा."

पुढे तिने त्यांच्याकडे कागद मागितला, कारण आमच्याकडे मोजलेलं लिहून ठेवायची पद्धत आहे. फाइलमधला एक पाठकोरा कागद मिळाला. तिने त्यावर दात काढला, तो बटाट्यासारखा दिसत होता, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: आजोबा 32.

"हे बत्तीस झाले," आजोबा म्हणाले.

"नाही, तेवीस. आधी ते, मग वीस."

आता हा दोष कुणाचा, हे मला सांगा. आपण बोलताना तिनाला पुढे काढतो आणि लिहिताना त्याला मागे बसवतो. कानाने ऐकलेलं हाताने जसंच्या तसं उतरवलं तर तेवीसचे 32 होतात आणि बत्तीसचे 23. त्यात एकोणतीस. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. संख्येच्या नावातच वजाबाकी कोंबलेली. पोर विचारतं, मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही? मी मुद्रितं तपासणारा माणूस, मला प्रश्न आवडतो आणि उत्तर येत नाही. घरी शिकवण्याचा हा खरा तोटा. शाळेत निदान 'गप्प बस' म्हणायची सोय असते. ते म्हणायला दुसरं कुणीतरी असतं.

आजोबांनी तो कागद बराच वेळ हातात धरला. चूक त्यांना दिसत होती. अडतीस वर्षांत अशी एक चूक त्यांनी सोडली नसेल. त्यांनी पेन उचललं, आकड्यावर नेलं, आणि मागे घेतलं. मग कागदाची व्यवस्थित घडी करून ती फाइलमध्ये ठेवली.

"कागदोपत्री राहू देत बत्तीस," ते म्हणाले.

मला गहिवरून आलं. वाटलं, माणूस आपला झाला. आतून त्यांचं नाव पुकारलं. ते उठले, मनूच्या डोक्यावर हात ठेवला, दारापर्यंत गेले, आणि दाराच्या मुठीवर हात ठेवून, सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात माझ्याकडे वळून म्हणाले, "पण शाळेत घाला हो हिला. आकडे उलटे लिहिते."

आणि आत गेले. माझ्या मुलीने दिलेले नऊ दात बगलेत मारून.

मी अजून त्या वाक्यावर आहे. आंघोळ करताना उत्तरं सुचतात. सहाव्या वर्षी पुष्कळ मुलं आकडे उलटे लिहितात, शाळेत जाणारीही लिहितात, आणि त्यांच्या बापांना दवाखान्यात कुणी तोंडी परीक्षा घेऊन नापास करत नाही. शाळेचं नाव सांगितलं की प्रश्न मिटतो. पोराला काय येतं, याची मग कुणाला पडलेली नसते. गणवेश हाच पुरावा. आमच्याकडे मात्र नातेवाईक, शेजारी, लिफ्टमध्ये तीन मजले सोबत असलेला माणूस, ज्याला त्याला तपासणीचा अधिकार. आणि शिकणं असं आहे की विचारलं की लपतं. मोज्यांच्या ढिगात ते असतं, बाकावर नसतं.

चिडचिड होते ती एवढ्यावरच होत नाही. मागच्या आठवड्यात मनू दाराच्या उंबऱ्याशी पालथी पडून मुंग्यांची रांग बघत होती. वीस मिनिटं. हू नाही की चू नाही. एक मुंगी स्वतःपेक्षा मोठा पंख ओढत होती, आणि तो फटीत अडकला की मागे येऊन दुसऱ्या बाजूने धरत होती. मनूचा श्वास तिच्याबरोबर थांबत होता. मी शेजारी बसलो, आणि माझ्या तोंडून आलंच, "पाय किती असतात गं मुंगीला?" ती मान न वळवता म्हणाली, "बघू दे ना, बाबा." सहा. मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. संध्याकाळच्या अहवालात 'जीवशास्त्र' लिहायचं होतं मला, दुसरं काही नाही.

तर. आमचं नाव पुकारलं. डॉक्टरांनी दात बोटाने हलवून पाहिला आणि म्हणाल्या, "आपोआप पडेल. तुम्ही काही करू नका." खालून नवा दिसतोय, पंधरा दिवसांनी एकदा दाखवून जा.

बाहेर काउंटरवर ताईंनी वही उघडली.

"दुपारी नको ना, शाळा बुडेल," त्या मनूला म्हणाल्या. "तुझी शाळा सुटते किती वाजता?"

मी तोंड उघडलं, पण मनूने आधीच विचार सुरू केला होता. तिने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

"सुटतच नाही," ती म्हणाली.

ताईंचा हात वहीवर थांबला. "कधीच?"

"रात्री झोपताना गोष्ट असते. मग त्यात बाबा विचारतात."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. नऊ महिने थांबून असल्या ठिकाणी पोरगी घालणारा बाप त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतला.

"फार पिळतात हो या नव्या शाळा," त्या म्हणाल्या, आणि आम्हाला रविवार सकाळची वेळ लिहून दिली.